वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरतो कसा?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची चर्चा आपल्याकडे रंगते ती नोव्हेंबरमधल्या लढतीची. ते दोघे उमेदवार तिथवर पोचतात कसे, हा भाग बातम्यांत तुकड्यातुकड्यांनी येतो. त्याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. मुलं तिकडे असलेले पालक, हिंजवडीत अमेरिकी वेळेनुसार काम करणारे, पेठांत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे अशा पुण्यातल्या बऱ्याच वाचकांची पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते, तिथली नागरिक आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिने प्रायमरीत मत दिलं. पण उमेदवार आधीच ठरले होते, असं ती म्हणते. मग मत घेतात कशासाठी? आणि जास्त मतं मिळूनही प्रतिनिधी कमी मिळाले, असं कधी कधी वाचायला मिळतं. हे कसं शक्य आहे? — वाचक, कोथरूड

तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे. न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी घेतलेलं मतदान, ४ जून २०२४ ला झाली आणि ट्रम्प व बायडेन या दोघांनीही लागणारं बहुमत १२ मार्चलाच गाठलं होतं.

कारण असं, की ही देशभर एका दिवशी होणारी एक निवडणूक नाही. पन्नास राज्यं, राजधानी वॉशिंग्टन आणि पाच बेटप्रदेश अशा छपन्न ठिकाणी, जानेवारी ते जून या काळात, वेगवेगळ्या तारखांना आणि वेगवेगळ्या नियमांनी मतदान होतं. पोर्तो रिको आणि ग्वामच्या रहिवाशांना नोव्हेंबरमध्ये अध्यक्षासाठी मत नसतं, पण पक्षाचा उमेदवार निवडताना असतं. प्रत्येक ठिकाणच्या मतांमधून प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, मिळतात. उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात हे प्रतिनिधी मत देतात आणि निम्म्याहून अधिक मिळवणारा उमेदवार होतो. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे २,४२९ प्रतिनिधी होते. जिंकायला १,२१५ लागत होते. मतपत्रिकेवर नाव अध्यक्षपदाच्या इच्छुकाचं असतं, पण हिशेब होतो तो प्रतिनिधींचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या हिशेबातच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम सगळीकडे एकच : ज्याला १५ टक्के मतं पडली त्याला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी, १५ च्या खाली काहीही नाही. रिपब्लिकन पक्ष राज्यांना बरीच मोकळीक देतो. मार्चच्या मध्यापर्यंत मतदान घेणाऱ्या राज्यांनी प्रमाणशीर वाटप करावं, अशी त्यांची सर्वसाधारण अट आहे. त्यानंतर पहिल्या येणाऱ्याला सगळे प्रतिनिधी देता येतात. शिवाय काही राज्यांना जुन्या सवलती आहेत. साउथ कॅरोलायना हे त्यातलं ठळक उदाहरण. २०१६ मध्ये तिथे ट्रम्प यांना साधारण साडेबत्तीस टक्के मतं होती, पण राज्यात आणि प्रत्येक मतदारसंघात ते पहिले होते. म्हणून ५० पैकी ५० प्रतिनिधी त्यांना मिळाले. पुढे फ्लोरिडात सुमारे ४६ टक्क्यांवर सगळेच्या सगळे ९९. विरोधात बरेच जण उभे राहून मतं फुटली की असं होतं. २०१६ ला रिपब्लिकन पक्षात सतरा दखलपात्र इच्छुक होते.

डेमोक्रॅटिक बाजूला खाचखळगे वेगळे. तिथे बहुतेक प्रतिनिधी मतदारसंघवार वाटतात. समजा एका मतदारसंघाला चार प्रतिनिधी आहेत आणि सामना दोघांत आहे. ६० टक्के मतं घेणाऱ्याच्या वाट्याला २.४ येतात, दुसऱ्याच्या १.६, पूर्णांक केले की दोन-दोन. तीन-एक करायचं तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघाला तीनच प्रतिनिधी असतील, तर तिथे ५१ टक्क्यांतही दोन-एक होतं. म्हणजे सम संख्येच्या मतदारसंघात दहा टक्के मतं वाढवून हाती काही लागत नाही, आणि विषम संख्येच्या ठिकाणी एका टक्क्यात प्रतिनिधी पदरात पडतो. २००८ मध्ये ओबामांच्या माणसांनी हे गणित मांडून कुठे किती वेळ आणि पैसा घालायचा ते ठरवलं होतं. त्याच वर्षी टेक्ससमध्ये दिवसा प्रायमरी आणि संध्याकाळी कॉकस (पक्षाने सभा भरवून केलेली निवड) असा दुहेरी प्रकार होता. प्रायमरीत हिलरी क्लिंटन पुढे होत्या. पण जिथे पक्षाला पूर्वी जास्त मतं पडली त्या मतदारसंघांना जास्त प्रतिनिधी होते, ते मतदारसंघ ओबामांचे, आणि कॉकसही ओबामांनी जिंकला. शेवटचा आकडा : ओबामा ९९, क्लिंटन ९४.

प्रश्न : कॉकस आणि प्रायमरीत फरक काय? २०२० मध्ये आयोवाचा निकाल इतका का रखडला? — वाचक, औंध

प्रायमरी राज्य सरकार घेतं. मतदान केंद्र, गुप्त मतदान, दिवसभराची वेळ, खर्च सरकारी. कॉकस पक्ष स्वतः भरवतो, स्वतःच्या खर्चाने. ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात हजर राहावं लागतं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जसं जो आला त्याचंच मत, तसं. रात्रपाळीवाले, तान्ही मुलं असलेल्या आया, आजारी माणसं आपोआप बाहेर राहतात. कॉकसवर हा आक्षेप जुना आहे आणि आम्हाला तो पूर्णपणे मान्य आहे.

रिपब्लिकन कॉकस सोपा : भाषणं ऐकायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं, चिठ्ठ्या मोजायच्या. आयोवातला डेमोक्रॅटिक कॉकस २०२० पर्यंत उभ्याने व्हायचा. एका केंद्राचं उदाहरण घेऊ. १२० माणसं आली आहेत आणि त्या केंद्राला पुढच्या जिल्हा मेळाव्यासाठी सहा प्रतिनिधी द्यायचे आहेत. टिकायची मर्यादा १५ टक्के, म्हणजे १८ माणसं. पहिल्या फेरीत लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात : अ कडे ५०, ब कडे ३६, क कडे २०, ड कडे ९, इ कडे ५. ड आणि इ बाद. ते दोघे एकत्र आले तरी १४ च होतात, म्हणून त्यांच्या माणसांना तिघांपैकी कुणाकडे तरी जावं लागतं किंवा घरी. इथे खरी ओढाताण चालते. बाजूच्या कोपऱ्यातले लोक येऊन समजूत घालतात. समजा आठ जण ब कडे गेले, चार क कडे, दोघे निघून गेले. आता अ ५०, ब ४४, क २४. प्रत्येक आकडा सहाने गुणायचा आणि सुरुवातीच्या १२० ने भागायचा : २.५, २.२, १.२. पूर्णांक तीन, दोन, एक. घरी गेलेले दोघे भाजकात राहतातच, हे मोजणारे हमखास विसरतात आणि बेरीज जुळत नाही. अपूर्णांक सारखे आले की नाणं उडवायचं, हा नियम लेखी होता.

२०२० ला पक्षाने पहिल्यांदाच तीन आकडे जाहीर करायचं ठरवलं : पहिल्या फेरीची मतं, दुसऱ्या फेरीची मतं आणि प्रतिनिधी. सुमारे सतराशे केंद्रांवरचे स्वयंसेवक हे आकडे एका नव्या ॲपमधून पाठवणार होते. ॲपची पुरेशी चाचणी झाली नव्हती, अनेकांना ते उघडताच आलं नाही, मग सगळ्यांनी एकदम फोन लावले आणि लाइन तुंबल्या. त्यात जे आकडे आले त्यांत बेरजा-भागाकाराच्या चुका. ३ फेब्रुवारीच्या रात्री निकाल आलाच नाही, नंतर दिवसेंदिवस तुकड्यांनी येत राहिला. प्रत्येक मतदाराने सही केलेलं कागदी कार्ड जपून ठेवलं होतं म्हणून फेरतपासणी करता आली, एवढं बरं. याआधी २०१२ मध्ये रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं होतं. दोन आठवड्यांनी अंतिम आकडे आले तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर रॉम्नींना ‘आयोवाचा विजेता’ म्हणून प्रसिद्धी मिळून गेली होती. सुरुवातीच्या राज्यांत प्रतिनिधी थोडेच असतात, आयोवात २०२४ ला रिपब्लिकनांचे फक्त ४०. तिथे मिळवायची असते ती हीच प्रसिद्धी आणि मागून येणारा पैसा.

प्रश्न : मतदारांनी उमेदवार निवडायचा हे अमेरिकेच्या घटनेत आहे का? — वाचक, सहकारनगर

नाही. घटनेत पक्षांचा उल्लेखच नाही. सुरुवातीला काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, पक्षाचे खासदार एकत्र बसून नाव ठरवत. ती पद्धत १८२४ मध्ये मोडली. १८३१ ला बाल्टिमोरमध्ये अँटी-मेसनिक या छोट्या पक्षाने पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरवलं आणि मोठ्या पक्षांनी ते उचललं. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं उमेदवार ठरायचा तो अधिवेशनात, राज्याराज्यांच्या पुढाऱ्यांच्या सौद्यांतून. डेमोक्रॅटिक पक्षात १९३६ पर्यंत दोन तृतीयांशांची अट होती. त्यापायी १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात मतदानाच्या १०३ फेऱ्या झाल्या आणि दमलेल्या प्रतिनिधींनी जॉन डेव्हिस यांना निवडलं. ते नोव्हेंबरमध्ये हरले.

प्रायमऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या, पण त्यांना वजन नव्हतं. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, प्रतिस्पर्धी टॅफ्ट यांचं स्वतःचं ओहायो राज्यसुद्धा. तरी पक्षयंत्रणा टॅफ्ट यांच्या हातात होती, वादग्रस्त जागांचे निर्णय त्यांच्या बाजूने लागले आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. रूझवेल्ट वेगळा पक्ष काढून उभे राहिले आणि फायदा वुड्रो विल्सन यांचा झाला.

कलाटणी मिळाली ती १९६८ ला, डेमोक्रॅटिक पक्षात. व्हिएतनाम युद्धाविरोधी उमेदवारांनी प्रायमऱ्या गाजवल्या, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, आणि शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना. आत गोंधळ, बाहेर रस्त्यावर पोलिसांचा लाठीमार. त्यानंतर पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला. आयोगाने प्रायमरी घ्याच असं कुठेही म्हटलं नव्हतं. प्रतिनिधी त्याच वर्षात, जाहीर सूचना देऊन, सर्वांना खुल्या प्रक्रियेतून निवडा, एवढंच सांगितलं. हे सगळे नियम पाळत सभा घेण्यापेक्षा सरकारी यंत्रणेकडून प्रायमरी घेणं राज्य पक्षांना सोपं वाटलं, आणि १९७२ पासून प्रायमरीच मुख्य मार्ग झाली.

ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी असं आम्हाला कळकळीने वाटतं. अमेरिकी मतदाराचा हा अधिकार आजही मुख्यतः पक्षाच्या नियमांवर उभा आहे, आणि ते नियम पक्ष दर चार वर्षांनी बदलतो. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की राज्याचा कायदा काहीही असो, पक्षाच्या नियमांत न बसणारे प्रतिनिधी अधिवेशनात बसवून घ्यायची सक्ती राष्ट्रीय पक्षावर करता येत नाही. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगनने वेळापत्रक मोडून लवकर मतदान घेतलं, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने आधी त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले, मेअखेर अर्धं मत दिलं आणि अधिवेशनाच्या तोंडावर पूर्ण मत परत दिलं. तोवर निकाल लागला होता. २०२४ ला पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात ‘आमची प्रायमरी पहिली’ असं लिहिलेलं आहे, ते राज्य मागे हटेना. शेवटी अध्यक्ष बायडेन यांचं नाव तिथल्या मतपत्रिकेवर नव्हतंच. समर्थकांनी हाताने नाव लिहून त्यांना जिंकवलं.

१९८२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पुढाऱ्यांसाठी एक दार पुन्हा उघडलं : खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य हे आपोआप प्रतिनिधी, म्हणजे सुपर डेलिगेट. त्यांना कुणालाही मत देता येतं. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी यावर रान उठवलं आणि २०१८ मध्ये नियम बदलला. आता लढत अटीतटीची असेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही, दुसरी फेरी झाली तरच. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आपले मराठी खासदार श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून आले आहेत, तेही याच नियमाने प्रतिनिधी ठरतात. त्यांना स्वतः अध्यक्ष मात्र होता येणार नाही. त्यासाठी जन्मतः नागरिक असावं लागतं.

प्रश्न : विरोधी पक्षाचे लोक मुद्दाम येऊन कमकुवत उमेदवाराला मतं देत नाहीत का? — वाचक, पिंपळे सौदागर

खुल्या प्रायमरीच्या राज्यांत, म्हणजे जिथे कुठल्याही पक्षाच्या मतदाराला येता येतं तिथे, देऊ शकतात, आणि २००८ मध्ये एका रेडिओ निवेदकाने तसं उघड आवाहनही केलं होतं. पण त्यासाठी स्वतःच्या पक्षातलं मत सोडावं लागतं, त्यामुळे एवढी खटपट फार थोडे करतात. बंद प्रायमरीत नोंदणी त्याच पक्षाची लागते, आणि तिथे अडचण उलटी होते. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्षनोंदणी बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनी ती चुकवली आणि वडिलांना मत देता आलं नाही. तुमचे नातेवाईक बंद प्रायमरीच्या राज्यात राहत असतील, तर प्रायमरीच्या आदल्या वर्षीच नोंदणी पाहून घ्यायला सांगा.

प्रश्न : एखाद्याने उभं राहायचं ठरवलं, तर त्याला नेमकं काय काय करावं लागतं? — वाचक, पिंपरी

पाच हजार डॉलरपेक्षा जास्त जमा झाले किंवा खर्च झाले, की केंद्रीय निवडणूक आयोगाच्या लेखी तो उमेदवार होतो. मग समिती नोंदवायची आणि हिशेब द्यायचे. हे सोपं. कठीण आहे ते प्रत्येक राज्याच्या मतपत्रिकेवर नाव आणणं, कारण त्याचे नियम पन्नास प्रकारचे. न्यू हॅम्पशायरला एक हजार डॉलर भरून अर्ज दिला की झालं. व्हर्जिनियात २०१२ साठी १०,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या, आणि त्यातही अकरा मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. शहरातून दहा हजार गोळा होतात. डोंगराळ भागातल्या मतदारसंघातले चारशे कमी पडतात. शिवाय पत्ता चुकलेला, सही जुळत नाही, नोंदणीच नाही अशा सह्या बाद होतात, म्हणून अनुभवी माणसं लागतात त्याच्या दीडपट गोळा करतात. त्या वर्षी फक्त रॉम्नी आणि रॉन पॉल मतपत्रिकेवर आले. न्यूट गिंग्रिच स्वतः व्हर्जिनियाचे रहिवासी, राष्ट्रीय जनमत पाहण्यांत आघाडीवर, आणि त्यांचं नाव स्वतःच्याच राज्यात नाही! रिक पेरींचंही नाही.

त्यानंतर वादसभा. २०१९ च्या जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने अट घातली होती : तीन पाहण्यांत एक टक्का, किंवा ६५,००० देणगीदार, वीस राज्यांतून प्रत्येकी किमान दोनशे. तरी वीस जण पात्र ठरले आणि मायामीत दोन रात्रींत दहा-दहा जणांना उभं करावं लागलं. देणगीदारांची संख्या मोजली जाते म्हणून उमेदवार एकेका डॉलरसाठी मेल पाठवत राहतात. २०२३-२४ मध्ये एका माणसाला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,३०० आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे ३,३०० डॉलर देता येत होते.

शेवटचं काम बाहेरच्या लोकांच्या नजरेत येत नाही : प्रतिनिधी म्हणून बसणारी माणसं आपली असणं. मतदानाने ठरतं ते कुणाला किती जागा. त्या जागांवर कोण बसणार हे बऱ्याच राज्यांत जिल्हा आणि राज्य मेळाव्यांत वेगळं ठरतं. २०१६ ला कोलोरॅडोत रिपब्लिकनांनी राज्यव्यापी मतदानच घेतलं नाही, मेळाव्यांतून प्रतिनिधी निवडले. ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांची माणसं प्रत्येक मेळाव्याला याद्या घेऊन हजर होती आणि बहुतेक जागा त्यांनी नेल्या. ट्रम्प यांची तिथे यंत्रणाच नव्हती. पहिल्या फेरीत कुणालाही बहुमत मिळालं नाही, तर ठरावीक उमेदवारालाच मत द्यायला बांधलेले प्रतिनिधी पुढच्या फेऱ्यांत मोकळे होत जातात, तेव्हा या माणसांना महत्त्व येतं. दोन मोठ्या पक्षांत एकाहून अधिक फेऱ्या शेवटच्या झाल्या त्या १९५२ मध्ये. १९७६ ला फोर्ड यांनी रेगन यांना १,१८७ विरुद्ध १,०७० असं पहिल्याच फेरीत हरवलं, पण ते सगळं अगदी काठावरचं होतं.

प्रश्न : बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांचं नाव परस्पर कसं ठरलं? प्रायमरीत लोकांनी मत तर बायडेनना दिलं होतं. — वाचक, धनकवडी

बायडेन यांनी २१ जुलै २०२४ ला माघार घेतली तेव्हा ते पक्षाचे अधिकृत उमेदवार झालेलेच नव्हते. अधिवेशन १९ ऑगस्टला शिकागोत होतं. म्हणजे बदली करायची नव्हती, पहिलीच निवड बाकी होती. त्यांना बांधलेले जवळपास ३,९०० प्रतिनिधी मोकळे झाले. तसंही डेमोक्रॅटिक नियम प्रतिनिधीला कायद्याने जखडत नाही. ज्या मतदारांनी निवडलं त्यांची भावना सद्सद्विवेकाने व्यक्त करावी, असं त्यात म्हटलं आहे. पक्षाच्या नियम समितीने अट घातली : ३०० प्रतिनिधींच्या सह्या, एका राज्यातून ५० पेक्षा जास्त नकोत. ही अट फक्त हॅरिस यांनी पूर्ण केली. काही राज्यांत नाव कळवायची मुदत ऑगस्टमध्येच येते, त्यावरून कोर्टकज्जे नकोत म्हणून प्रत्यक्ष अधिवेशनाची वाट न पाहता १ ते ५ ऑगस्टला ऑनलाइन मतदान घेतलं गेलं.

नियमांत हे सगळं बसणारं होतं. पण नऊ-दहा दिवसांत दुसऱ्या कुणाला तीनशे सह्या जमवणं व्यवहारात अशक्य होतं, ही टीकाही आम्हाला रास्त वाटते. अधिवेशनानंतर जागा रिकामी झाली असती, तर निर्णय राष्ट्रीय समितीकडे गेला असता. रिपब्लिकन पक्षात ही समिती १६८ जणांची आहे, छपन्न ठिकाणांहून प्रत्येकी तीन. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगल्टन यांना अधिवेशनानंतर माघार घ्यावी लागली, तेव्हा डेमोक्रॅटिक समितीने त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर यांना आणलं होतं.

प्रश्न : आपल्याकडे राष्ट्रपतिपदाचा उमेदवार पक्ष कसा ठरवतात? परीक्षेच्या दृष्टीने सांगावं. — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सदाशिव पेठ

इथे मतदार मोजकेच आहेत : संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. नामनिर्देशित सदस्यांना मत नाही, विधान परिषदेलाही नाही. हा प्रश्न परीक्षेत येतोच. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, अनामत १५,००० रुपये, जिंकायला लागणाऱ्या मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मिळाली नाहीत तर जप्त. १९७४ पूर्वी अशी सह्यांची अट नव्हती. १९६७ मध्ये सतरा जण उभे होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत नव्हतं. मग दहा सूचक, दहा अनुमोदक आले आणि १९९७ मध्ये ते पन्नास-पन्नास झाले.

पक्षांतर्गत मतदान असं काही होत नाही. संसदीय मंडळ किंवा पक्षश्रेष्ठी नाव ठरवतात, पण त्याआधी कागद घेऊन मतमूल्य, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या मताचं वजन, मांडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मूल्य १७५ : १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ भागिले २८८, पुन्हा भागिले एक हजार. २८८ आमदारांचे मिळून ५०,४००. २०२२ मध्ये खासदाराचं मूल्य ७०० होतं, कारण जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती. एकूण मूल्य १०,८६,४३१. मतदान गुप्त, पक्षादेश काढता येत नाही आणि पक्षांतरबंदी लागू होत नाही. म्हणून आपलं गणित थोडं कमी पडत असेल, तर समोरच्या आघाडीतल्या एखाद्या पक्षाला नाकारता येणार नाही असं नाव शोधलं जातं. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील यांचं नाव आलं आणि शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून, भाजपसोबत असूनही, त्यांना पाठिंबा दिला. २०२२ ला द्रौपदी मुर्मू यांच्या वेळी झारखंड मुक्ती मोर्चाने काँग्रेसचा मित्र असूनही तेच केलं. मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मतमूल्य मिळालं.

श्रेष्ठींचा निर्णय उधळला गेला तो १९६९ मध्ये. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना निवडलं. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदस्यांना सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या असं सांगितलं आणि व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्याने. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं होती. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. देशमुख आणि इतरांच्या दुसऱ्या पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांच्या बहुतेक मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना होती, तरीही ती पुरली नाही. दुसऱ्या पसंतीची मोजणी होऊन निकाल लागला, असं राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आजवर तेवढ्या एकाच वेळी घडलं आहे.

प्रश्न : मुलगा एच-वन-बी व्हिसावर डॅलसमध्ये आहे. तो उमेदवाराला देणगी देऊ शकतो का? आणि आमचे शेजारी अमेरिकी नागरिक आहेत, ते पुण्यातून प्रायमरीत मत देऊ शकतात का? — वाचक, बाणेर

मुलाने देणगी देऊ नये. ग्रीन कार्ड असल्याशिवाय परदेशी नागरिकाला कुठल्याही पातळीवरच्या निवडणुकीत पैसे देता येत नाहीत, नगरपालिकेच्यासुद्धा. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, मत देता येत नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला व्हिसावाल्यांनाही मुभा आहे. पैसा कुठे खर्चायचा या निर्णयांत मात्र भाग घ्यायचा नाही. तुम्ही इथून त्याच्या खात्यात पैसे पाठवून त्याच्या नावाने देणगी देणं हाही गुन्हाच. डॅलसमधल्या एखाद्या नागरिक मित्राच्या कार्डावरून देणं तितकंच बेकायदा आहे. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं नागरिकांनाही मना आहे.

शेजाऱ्यांनी दर वर्षी जानेवारीत परदेशस्थ मतदाराचा केंद्रीय पोस्टकार्ड अर्ज भरून आपल्या शेवटच्या पत्त्याच्या राज्याकडे पाठवावा. आदल्या वर्षीच्या अर्जावर विसंबू नये. मतपत्रिका प्रायमरीच्या ४५ दिवस आधी निघते. ती ईमेलने मागवावी, म्हणजे टपालाचे दिवस वाचतात. परत पाठवायची पद्धत प्रत्येक राज्याची वेगळी : कुठे ईमेल चालतो, कुठे सही केलेला कागदच लागतो. कागद लागत असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात आधी चौकशी करावी. डेमोक्रॅटिक पक्षाची परदेशस्थ नागरिकांसाठी स्वतंत्र प्रायमरीही असते, २०२४ मध्ये ती ५ ते १२ मार्चला झाली, आणि तिचे प्रतिनिधी अधिवेशनात बसतात. रिपब्लिकन पक्षात तशी सोय नाही. मात्र एका वर्षी दोन्हीकडे मत देता येत नाही : एकतर आपल्या राज्याची प्रायमरी, नाहीतर परदेशातली.